भैरूला परत आणायचं का?

या आठवड्याचं पत्र पुण्याहून आलंय. थोडं आटोपशीर करून देतेय.

"ताई, आम्ही पाच जण अडीच वर्षांपासून दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या मैत्रिणीचं कॅरेक्टर मेलं. भैरू नावाचा चोर, सहाव्या लेव्हलचा. त्याची धाकटी बहीण चिमी लहानपणी गुलामांच्या जहाजावर विकली गेली होती, तिला शोधायला तो घर सोडून निघालेला. पुढच्या दोन-तीन सेशनमध्ये ती सापडणारच होती, मी सगळं लिहून ठेवलं होतं. आणि तो मेला कुठे, तर एका पुलावर, चार लांडग्यांशी झालेल्या किरकोळ मारामारीत. प्रवास कंटाळवाणा होऊ नये म्हणून मी ती लढाई घातली होती. भैरू खरं तर पुलापलीकडे पोचला होता, पण खेचरवाला पोरगा मागे राहिला म्हणून परत फिरला आणि शून्यावर पडला. पहिला डेथ सेव्ह सात. दुसरा थेट एक. दोन्ही तिनेच टाकले, सगळ्यांसमोर. क्लेरिककडे, म्हणजे आमच्या पुजारी पात्राकडे, स्पेल (मंत्र) उरला नव्हता. मी म्हणालो, 'ओके, भैरू गेला. नेक्स्ट, फायटर.' ती काहीच बोलली नाही. सेशन संपल्यावर भैरूची शीट, म्हणजे त्याची सगळी माहिती लिहिलेला कागद, टेबलावरच ठेवून गेली. रात्री ग्रुपवर 'अडीच वर्षं वाया गेली' एवढंच लिहिलं आणि ग्रुप सोडला. तेव्हापासून आम्ही खेळलेलो नाही. बाकीचे तिघे म्हणतात, पुढच्या रविवारी कुणीतरी साधू आण, भैरूला उठव, विषय संपव. मला वाटतं, तसं केलं तर डाइसला काही अर्थच राहणार नाही. पण मग असंही वाटतं की लांडग्याच्या त्या चाव्याचा फासा मी माझ्यासमोरच्या पडद्याआड टाकून 'चुकला' म्हणालो असतो, तर निदान मैत्रीण तरी राहिली असती. मी चुकलो का? आता काय करू?"

मित्रा,

डाइस पडला तो पडला. तिथे तू चुकला नाहीस. 'नेक्स्ट, फायटर' म्हणालास, तिथे चुकलास. आणि ती चूक अजूनही निस्तरता येण्यासारखी आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबच लिहितेय.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबलाभोवती बसून तोंडी खेळायचा हा खेळ. प्रत्येक जण एक पात्र घेतो (चोर, पुजारी, किंवा फायटर म्हणजे लढवय्या) आणि त्याच्या वतीनं बोलतो, वागतो. डीएम उरलेलं सगळं जग चालवतो. जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. पात्राचे जीवनगुण संपून ते शून्यावर पडलं की आपल्या प्रत्येक पाळीला खेळाडूनं एक फासा, म्हणजे डेथ सेव्ह, टाकायचा: दहा किंवा त्याहून जास्त पडलं तर एक यश, कमी पडलं तर एक अपयश. तीन यशं झाली की जीव तगला, तीन अपयशं झाली की संपलं. एक पडला तर ती दोन अपयशं धरतात. म्हणजे सात आणि मग एक, झाले तीन. पहिल्यांदा दोन ते नऊमधलं काहीतरी आणि पाठोपाठ एक, असं शंभरात दोनदाच घडतं. तुझ्या मैत्रिणीच्या हातून ते घडलं. ज्या हातानं अडीच वर्षं भैरूला जगवलं त्याच हातानं तिनं तो एक टाकला, हे तू ध्यानात घे. टेबलावरच्या इतर कुणाला तो आकडा तसा दिसला नसेल.

आणि त्यानंतर किती सेकंदांत तुझा आवाज आला? मला वाटतं, दोन-तीन. मला तुझा दोष काढायचा नाही. मीही डीएम म्हणून बसलेय. लढाई चालू असते, तीन लांडगे अजून उभे असतात, पाळीची यादी समोर असते आणि काय बोलावं ते सुचत नाही म्हणून माणूस यादीतलं पुढचं नाव घेतो. घाबरलेला माणूस असाच वागतो. पण तिच्या बाजूनं बघ. एखाद्या घरात माणूस जातो आणि तेवढ्यात कुणी 'चला, ताटं घ्या' म्हणतं, तसं ते तिला ऐकू आलं असणार. तिनं ग्रुपवर 'फासा चुकीचा होता' लिहिलेलं नाही. 'भैरूला परत आण' असंही लिहिलेलं नाही. 'वाया गेली' लिहिलंय. ही तक्रार मरणाबद्दलची दिसत नाही मला. कुणी थांबलंच नाही, याबद्दलची दिसते.

म्हणून सगळ्यात आधी तिच्याकडे जा. फोन करून वेळ विचार आणि प्रत्यक्ष जा. व्हॉट्सॅपवर लिहू नकोस. लिहिलेलं स्पष्टीकरणासारखं वाटतं आणि स्पष्टीकरण तिला नकोय. बाकीच्या तिघांना बरोबर नेऊ नकोस, ते शिष्टमंडळ होईल. भैरूची शीट तुझ्याकडे आहे ना? ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घेऊन जा. तिच्यावर काही खोडू नकोस, 'मृत' असंही लिहू नकोस. गेल्यावर एवढंच म्हण की भैरू गेला तेव्हा मी थांबायला हवं होतं, मी थांबलो नाही, त्याचं मला वाईट वाटतंय. आणि मग गप्प राहा. नियम काय होता, शक्यता किती होती, क्लेरिकनं आधीच्या लढाईत स्पेल कसा वाया घालवला, यातलं काहीही काढू नकोस. ती बोलली तर ऐक. ती रडली तर 'अगं खेळच आहे' म्हणू नकोस. अडीच वर्षं दर रविवारी चार-चार तास म्हटले, तरी किती होतात ते मोज. तेवढा वेळ आपण कित्येक सख्ख्या नातेवाइकांना देत नाही.

एक गोष्ट मात्र विचारू नकोस. हरवलेली धाकटी बहीण शोधत फिरणारं पात्र एखादी मुलगी अडीच वर्षं का खेळते, याचं काहीतरी कारण असेल किंवा नसेलही. असलं तर ते तिचं आहे. तिनं आपणहून सांगितलं तर ऐक, खोदू नकोस.

आता डाइसचा प्रश्न, कारण तुला तो छळतोय हे दिसतंय.

आठ वर्षांपूर्वी मी डीएम होते, तेव्हा मी तेच केलं जे तुला आता करावंसं वाटतंय. एका मित्राचा जादूगार मरायला टेकला होता. राक्षसाचा फासा मी पडद्याआड टाकला, पडले एकोणीस, आणि मी म्हणाले 'चुकला'. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. पुढच्या रविवारपासून तो बदलला. आधी प्रत्येक दारापाशी थांबायचा, कान लावायचा, दोरी आहे का, तेल आहे का विचारायचा. आता सरळ आत शिरायला लागला. त्याला कळलं होतं की दाराआड काहीही असलं तरी मी आहे. तीन महिन्यांनी त्याच्या जादूगारानं त्या मोहिमेतला सगळ्यात मोठा शत्रू मारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, "तू मला जिंकू दिलंस ना?" त्या लढाईत मी एकही फासा लपवला नव्हता. पण ते त्याला पटवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. त्याचा खरा विजय माझ्या आधीच्या एका खोट्यानं खाल्ला. तेव्हापासून मी पडदा वापरत नाही. नकाशे झाकायला वापरते, फासे झाकायला नाही.

याचा अर्थ डीएमनं फाशापुढे हात जोडून बसावं असा नाही. हा खेळ काढणाऱ्या दोघांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनी 1979 च्या डंजन मास्टर्स गाइड या डीएमसाठीच्या पुस्तकात यावर लिहून ठेवलंय. खेळाडूनं सगळं नीट केलं, सगळी काळजी घेतली आणि तरीही एखाद्या विचित्र फाशानं पात्र मेलं, तर एकंदरीत ते तसंच जाऊ द्यावं, कारण असेच विचित्र फासे पुढे कधीतरी त्यांच्या बाजूनंही पडतील. पण निवाडा करण्याचा हक्क डीएमला आहे: मरण्याऐवजी बेशुद्ध पडला, हात किंवा पाय गेला, एक डोळा गेला, असं तो ठरवू शकतो. हे मला मान्य आहे, फक्त माझी एक अट आहे. ते उघडपणे, सगळ्यांसमोर आणि त्याच क्षणी व्हायला हवं. "थांबा. एक पडलाय. मला वाटतं, भैरू यातून जगेल पण त्याचा उजवा हात जाईल. तुम्हाला काय वाटतं?" असं तू म्हणाला असतास, तर त्याला मी लबाडी म्हटलं नसतं. तो पाच माणसांनी घेतलेला निर्णय झाला असता. पण ते त्या दिवशी सुचलं नाही, आणि तीन आठवड्यांनी मागे जाऊन ते करता येत नाही. सोडून दे.

हा पेच तुझ्या टेबलावरच निर्माण झालाय असं समजू नकोस. तो या खेळाच्या जन्मापासून त्याच्या पोटात आहे. 1974 साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला, तो छोट्या शिपायांच्या बाहुल्यांनी खेळायच्या युद्धखेळांतून. तिथे बाहुली पडली की टेबलावरून उचलायची, बस. त्या पहिल्या नियमांत शून्य म्हणजे मरण, मधे काही नाही. गायगॅक्स यांनी 1975 मध्ये एका संमेलनातल्या स्पर्धेसाठी रचलेलं खेळातलं थडगं तर कसलेल्या खेळाडूंची पात्रं मारण्याबद्दल आजही प्रसिद्ध आहे. 1977 साली आलेल्या ट्रॅव्हलर या अंतराळातल्या खेळात तर पात्र तयार करता करताच, खेळ सुरू व्हायच्या आधी, मरू शकायचं! मरण स्वस्त होतं कारण पात्रांना अजून भूतकाळ नव्हता. मग लोक एकेक पात्र वर्षानुवर्षं खेळू लागले, त्यांना बहिणी, शपथा, जुनी वैरं फुटू लागली, आणि नियम हळूहळू मागे सरकले. आधी शून्याखाली उणे दहापर्यंत धुगधुगी ठेवली, पुढे 2014 च्या पाचव्या आवृत्तीत हे तीन-तीन डेथ सेव्ह आले. म्हणजे बाहुली उचलायचा नियम आणि माणूस घडवायची हौस, दोन्ही एकाच पेटीत येतात. दोन्हींना एकाच टेबलावर कसं नांदवायचं, ते कुठल्याही पुस्तकात पूर्ण लिहिलेलं नाही. ते प्रत्येक टेबलाला आपलं आपण ठरवावं लागतं, आणि तुमचं ठरवायचं राहून गेलं.

आता साधूबद्दल.

तुझ्या मित्रांचा हेतू चांगला आहे, पण पुढच्या रविवारी रस्त्यात साधू भेटला आणि त्यानं भैरूला उठवलं, तर ते तुझ्या 'नेक्स्ट'चंच दुसरं रूप होईल. पुन्हा कुणी थांबलेलं नसेल. शिवाय तिला न विचारता.

नियम उघडून बघ. मेलेल्याला परत आणायचे जे स्पेल आहेत त्यातला रिव्हिव्हिफाय एका मिनिटाच्या आत करावा लागतो. क्लेरिककडे स्पेलच नव्हता, तो राहिला. तुमच्या कामाचा उरला रेझ डेड. पाचव्या पातळीचा स्पेल (स्पेलची पातळी आणि पात्राची लेव्हल हे वेगळे आकडे), तुमच्या सहाव्या लेव्हलच्या क्लेरिकला तो अजून जमणार नाही, म्हणजे देवळात जावं लागेल. 500 सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो आणि तो खर्ची पडतो. मेल्यापासून दहा दिवसांच्या आत करावा लागतो. उठलेल्याला फाशांवर उणे चार, आणि प्रत्येक पूर्ण विश्रांतीनंतर त्यातला एकेक कमी होतो. हे सगळं तुला पाठ असेल. पण त्यात एक अट आहे जिच्यावरून सगळे भरकन वाचत पुढे जातात: आत्मा मोकळा असला पाहिजे, आणि परत यायला राजी असला पाहिजे.

भैरूचा आत्मा म्हणजे कोण? ती. दुसरं कुणीच नाही. तेव्हा नियमच सांगतोय की हा निर्णय तुझा नाही, बाकीच्या तिघांचाही नाही. तिच्याकडे पहिल्यांदा जाशील तेव्हा हे विचारू नकोस. त्या दिवशी फक्त माफी. दोन-चार दिवसांनी, तिनं पुन्हा बोलायची तयारी दाखवली की विचार: भैरूला यायचंय का? आणि तिनं 'नाही' म्हटलं तर 'पण का' म्हणू नकोस. पुष्कळ खेळाडूंना परत आलेलं पात्र नको असतं. ज्याच्यासाठी आपण रडलो तो पुढच्या आठवड्यात टेबलावर बसून विनोद करतोय, हे सहन होत नाही.

ती 'हो' म्हणाली तर मात्र स्वस्तात देऊ नकोस. साधू नको. तिघांनी मिळून हिरा मिळवायचा, आणि तो मिळवण्यासाठी काहीतरी सोडायचं. फायटरनं वडिलांची तलवार विकायची, क्लेरिकनं देवळाकडे सात वर्षांची सेवा गहाण टाकायची, असं काहीतरी, जे पुढे कथेत बोचत राहील. जुन्या आवृत्त्यांमध्ये परतीची किंमत अंगावर कायमची राहायची. एका काळी प्रत्येक पुनर्जन्माला काटकपणाचा एक गुण कायमचा कमी व्हायचा, तर 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत अख्खी एक लेव्हल जायची. ते मला कठोर वाटतं, पण त्यामागची जाण खरी होती. परत आलेला माणूस तोच नसतो. भैरूनं तिकडे काय पाहिलं, हे तिला ठरवू दे.

दहा दिवसांच्या त्या अटीवर मी बराच वेळ विचार करत बसले. ज्यांनी ती लिहिली त्यांच्या डोक्यात आपला दहावा नक्कीच नव्हता, तरी मला तोच आठवला. माझ्या आजोबांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले, पण खाली एक येईना. अर्धा तास गेला. मग माझा काका पुढे झाला, ज्याचं आणि आजोबांचं दहा वर्षं धड बोलणं नव्हतं. हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, आईची काळजी करू नका. मी नेतो तिला माझ्याकडे." कावळा आला. तो कशामुळे आला यावर मी वाद घालणार नाही. पण काका बोलला हे खरं, आणि आजी पुढे त्याच्याकडेच राहिली हेही खरं. त्या अर्ध्या तासात आम्ही सगळे आजोबांचं काय राहिलं होतं याचाच विचार करत होतो.

तुमच्या टेबलाला असा अर्धा तास हवाय. खेळातलं घड्याळ अजून पुलावरच थांबलंय, म्हणजे ते तुला करता येईल. ती परत यायला तयार झाली, भैरू परत येवो न येवो, तर पहिलं सेशन पूर्ण त्यालाच दे. त्या दिवशी लढाई नको, आणि फासे पिशवीतच राहू देत. लांडगे पळाले असं सरळ सांगून टाक. पुलावर भैरू पडलाय आणि तिघं त्याच्याभोवती आहेत. प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: भैरूचं काय राहिलं होतं, आणि त्यातलं तू काय उचलतोस? क्लेरिक म्हणेल, चिमीला मी शोधीन. फायटर कदाचित त्याच्या कुलूपकाढ्या आपल्या कमरेला बांधेल. ती बसलेली असेल आणि ऐकत असेल. तिला वाटलं तर भैरूचा शेवटचा विचार ती सांगेल, वाटलं नाही तर नाही. आणि त्यांनी जे कबूल केलं ते तू वहीत लिहून ठेव, कारण पुढच्या सहा महिन्यांची तुझी मोहीम तीच आहे. चिमीचं जे सगळं लिहून ठेवलं होतंस ते फाडू नकोस. चिमी सापडलीच पाहिजे.

आता 'अडीच वर्षं वाया गेली' या वाक्याकडे येते. तुझ्या पत्रात एक ओळ आहे जी तू जाता जाता लिहिलीस: भैरू पुलापलीकडे पोचला होता, खेचरवाल्या पोरासाठी परत फिरला.

पहिल्या सेशनमधला भैरू परत फिरला असता का? मी तुमच्या टेबलावर नव्हते, पण बहिणीला विकलेलं पाहून एकटा निघालेला चोर, अडीच वर्षांपूर्वी, एका अनोळखी खेचरवाल्यासाठी लांडग्यांत शिरेल असं मला वाटत नाही. लेव्हल वाढणं ही आकड्यांची वाढ झाली. पात्राची वाढ दिसते ती जुन्या प्रसंगात त्यानं नवं वागण्यात. लहान मूल मागे राहिलंय आणि आपण सुरक्षित किनाऱ्यावर आहोत, हा प्रसंग भैरूच्या आयुष्यात पूर्वी एकदा आलाच असणार, चिमीच्या वेळी. तेव्हा त्याला जमलं नव्हतं किंवा त्याचं वय नव्हतं. यावेळी तो वळला. तो मेला कारण तिनं त्याला अडीच वर्षं घडवलं होतं. न घडवलेला भैरू जगला असता.

तू त्या लढाईला किरकोळ म्हणतोस कारण तू ती किरकोळ म्हणून लिहिलीस. तिनं ती तशी खेळली नाही. प्रत्येक मरण पावनखिंडीतलं नसतं, आपल्यासाठी तोफा वाजायच्या ठरलेल्या नसतात. पण ज्याच्यासाठी मेला त्या पोराला तो पूल किरकोळ वाटेल का? तो पोरगा वाचला की नाही, हे तू लिहिलेलं नाहीस. वाचला असू दे. त्याला नाव दे. पुढे कधीतरी तो मोठा होऊन भेटू दे.

हे सगळं तू तिच्याकडे पहिल्या भेटीत मात्र बोलू नकोस. दुःखात असलेल्या माणसाला त्याच्या दुःखाचा अर्थ समजावून सांगणं ही मोठी क्रूर गोष्ट आहे. तुला पोराची ओळ दिसली आहे एवढं तिला टेबलावरून कळू दे.

जगात हे असंच घडलेलं आहे, तुमच्यातल्या कुणी पाहिलंही असेल. क्रिटिकल रोल या, हाच खेळ खेळून दाखवणाऱ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या मोहिमेत 2018 मध्ये मॉलीमॉक नावाचं सगळ्यांचं लाडकं पात्र मेलं, तेही अगदी सुरुवातीच्या महिन्यांत, पकडल्या गेलेल्या साथीदारांना सोडवायला गेलेलं असताना. त्याला रस्त्याच्या कडेला पुरलं आणि त्याचा रंगीबेरंगी कोट खुणेला ठेवला. खेळाडू थोड्याच दिवसांत अगदी वेगळ्या स्वभावाचं नवं पात्र घेऊन परत आला. मोहीम 2021 पर्यंत चालली, आणि तिचा शेवटचा मोठा भाग त्या मेलेल्या पात्राच्या देहाभोवतीच फिरला. पात्र टेबलावरून गेलं, पण बाकीच्यांच्या वागण्यातून ते तीन वर्षं जात नव्हतं.

ती नवं पात्र घ्यायचं म्हणाली तर ते सहाव्या लेव्हललाच घेऊ दे. पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करायला लावणारे डीएम मला कधी समजले नाहीत. शोकावर दंड कसला घेता? आणि एक शक्यता तिच्यासमोर ठेव, आग्रह न करता: तिनं चिमी खेळावी. पेंड्रॅगन नावाचा 1985 सालचा एक खेळ आहे, आर्थर राजाच्या सरदारांचा. त्यात दर वर्षाच्या शेवटी हिवाळा येतो, सरदार लग्नं करतात, त्यांना मुलं होतात, आणि सरदार पडला की खेळाडू त्याच्या वारसाला घेऊन पुढे जातो. मरण तिथे कथा तोडत नाही, घराण्याची पुढची पिढी टेबलावर आणतं. भैरू जिला शोधत होता ती बहीण, जी भावाला शेवटचं कधी भेटली ते तिला आठवतही नसेल, त्याच्याच साथीदारांबरोबर चालायला लागते, आणि तिला तो कोण होता ते तिघांच्या तोंडून कळत जातं. मला तर हे खेळायला फार आवडेल. पण तिला चिमी कदाचित स्वतःपासून लांबच हवी असेल. तेही ठीक आहे.

पुढच्यासाठी थोडंच सांगते, कारण आत्ता ते तातडीचं नाही. कधीतरी सगळ्यांना एकत्र बसवून विचारा की आपल्या टेबलावर मरण कसं असावं. कुणाला ते फाशाच्या स्वाधीन हवं असेल. कुणाला आपल्या परवानगीशिवाय नको असेल. दोन्ही मागण्या रास्त आहेत, आणि एकाच टेबलावर दोन खेळाडूंसाठी दोन वेगळे नियम चालतात. मला स्वतःला डंजन वर्ल्ड या 2012 च्या खेळातली रीत आवडते. मरताना दोन साधे फासे टाकायचे. बेरीज दहा किंवा वर गेली तर माणूस परत येतो, सहा किंवा खाली असेल तर गेला. पण सात ते नऊ पडलं तर खुद्द मृत्यू समोर येतो आणि एक सौदा मांडतो. घ्यायचा की नाही, ते खेळाडूनं ठरवायचं. आपल्याकडे वडाला सूत गुंडाळणाऱ्या प्रत्येक बाईला ही गोष्ट ठाऊक आहे: यमाशी बोलता येतं, मात्र आपल्याला काय मागायचंय ते नीट ठाऊक हवं. तुमच्या खेळात हा नियम उचलून बसवायला काहीच अडचण नाही.

आणि ती परत आलीच नाही तर? तसं होऊ शकतं. मग उरलेल्या चौघांनी तो पुलावरचा दिवस तरीही खेळा. तिला कळवा की खेळलात, आणि कोण काय म्हणालं ते तुझ्या हातानं लिहून तिला पाठव. ते व्हॉट्सॅपवर पाठवलंस तरी चालेल.

शीटबद्दल एक राहिलं. फोल्डरमध्ये घालण्याआधी मागची बाजू बघ. खेळाडू तिथे बारीक अक्षरात बरंच काही लिहून ठेवतात, डीएमला न सांगितलेलं. तिथे काही असलं तर वाचू नकोस, तसंच दे. आणि शनिवारी जा. रविवारची दुपार तिला अजून जड जात असेल.

तुझी,
ताई